कडबा महागला, मेंढरांना घालू काय? : वाचकांचे प्रश्न

ह्या वेळी आलेले बहुतेक प्रश्न चाऱ्याचेच आहेत, आणि ते साहजिकच आहे. जिथं पूर्वी शाळू (रब्बीची ज्वारी) उभा असायचा तिथं आता ऊस, सोयाबीन नाहीतर बाग आहे, मग ज्वारीच्या वाळल्या ताटांचा कडबा येणार कुठून आणि आला तरी परवडणार कसा. म्हणून हा सगळा अंक चाऱ्यालाच दिलाय. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी थोडं थांबा, पुढच्या वेळी घेतो.

प्रश्न : नमस्कार डॉक्टरसाहेब. माझ्याकडं माडग्याळ जातीच्या 40 मेंढ्या आहेत. पोरं शाळेत आहेत म्हणून वाडा (कळप आणि बिऱ्हाड) घेऊन फिरणं बंद केलं, आता गोठ्यावरच असतात आणि संध्याकाळी जरा माळाला नेतो. कडबा परवडत नाही. आमच्याकडं उसाचं वाढं (तोडणीनंतरचे हिरवे शेंडे) मिळतंय, सोयाबीनचं भुस्कट मिळतंय आणि पाहुण्यांच्या द्राक्षबागेत छाटणीचा पाला फुकट आहे, ते म्हणतात टेंपो लावा आणि घेऊन जा. हे तिन्ही घातलं तर चालंल का?
(जत तालुक्यातले एक मेंढपाळ)

दादा, जे फुकट आहे ते आधी बाजूला ठेवा. द्राक्षाचा पाला मेंढरं आवडीनं खातात, पाल्यात तसं वाईट काही नाही, वाईट आहे ते त्याच्यावर मारलेलं. तासगाव काय, कवठेमहांकाळ काय, बागेवर बोर्डो मारल्याशिवाय कुणाचं भागत नाही आणि बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, म्हणजे सरळ तांबं. गाय-म्हशीला थोडं जास्त तांबं गेलं तर बऱ्यापैकी खपून जातं, शेळीलाही मेंढीपेक्षा जास्त सोसतं, पण मेंढीच्या अंगाला ते नीट बाहेर टाकता येत नाही. रोज थोडं थोडं यकृतात साठत राहतं, महिनोन्महिने, आणि बाहेरून मेंढी एकदम ठणठणीत दिसते. मग एक दिवस काहीतरी ताण येतो, लोकर कातरली, टेंपोतून बाजाराला नेली, व्यायला झाली, नाहीतर दोन दिवस चाराच कमी पडला, की साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं आणि रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात. पापणी उलटून बघितली तर पिवळी, लघवी काळ्या चहासारखी, आणि एक-दोन दिवसात खेळ खलास. लोक म्हणतात कावीळ झाली, कुणी म्हणतं पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि पाला घालून तर दोन महिने झालेले असतात म्हणून तो कुणाच्या डोक्यातच येत नाही.

पानावर निळसर डाग दिसले तर शंकाच नको, पण डाग दिसला नाही म्हणजे पाला चांगला असंही समजू नका, कारण बोर्डो सोडून बागेत बाकीची औषधं काय कमी असतात का. वेलीखालच्या गवताचंही तेच, फवारा खालीच गळतो. डाळिंबाच्या बागेलाही हेच लागू, आटपाडी-सांगोल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवा. आणि हो, खुरं सडली की मोरचुदाच्या पाण्यातून मेंढरं काढतात ना, ते पाणी तहानलेली मेंढरं पितात. आधी पाणी पाजून मगच त्यातून काढा आणि झाल्यावर ते पाणी गोठ्याच्या आसपास ओतू नका.

आता वाढं. वाढं चालतं, पण नुसत्या वाढ्यावर जनावर उभं करू नका. त्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातला कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणजे पोटात जाऊनही अंगी लागत नाही, आणि दुष्काळात छावणीत महिनोन्महिने ऊस-वाढ्यावर काढलेली जनावरं कशी खंगतात ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. त्यामुळं निम्मा चारा वाढं, निम्मा दुसरा काहीतरी, असं ठेवा. कुट्टी करूनच (बारीक कापूनच) घाला, चुन्याची निवळी शिंपडा (निवळी म्हणजे वरचं निवळलेलं पाणी, खालचा गाळ नाही) आणि मिनरल मिक्श्चर द्या, पण मेंढीचं, त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आलाय तो वाचाच.

सोयाबीनच्या भुस्कटात दोन प्रकार येतात. शेंगांची टरफलं आणि पानांचा चुरा जास्त असेल तर ते चांगलं, मेंढरं वेचून खातात. नुसत्या काड्या असतील तर त्या लाकडासारख्या कडक, त्या उरतातच, आणि उपाशी मेंढीनं त्याच ओरबाडून खाल्ल्या तर पोटात गच्च बसतात. मळणी यंत्राखालचं भुस्कट घेताना मूठभर उचलून चादरीवर आपटून बघा किती माती पडते. माती जास्त असेल तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुस्कट मिळालं तर मेंढरांसाठी ते माझ्या मते सोयाबीनपेक्षा कधीही बरं, आणि भुईमुगाचा वाळका पाला मिळाला तर सोनंच, फक्त बुरशी नको.

हिशेब साधा आहे. 35 किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण सव्वा किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो, पाणी वजा करून म्हणतोय मी. म्हणजे भुस्कट अर्धा किलो, वाढ्याची कुट्टी किलो-दीड किलो, आणि बांधावरची शेवरी नाहीतर लसूणघास तीन पाव ते एक किलो, उरलेलं संध्याकाळी माळावर. सुबाभूळ असेल तर तीसुद्धा घाला पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नका, त्यात मायमोसिन असतं आणि जास्त झालं की मेंढीची लोकर मुठीनं हातात येते. गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना 100-150 ग्रॅम भरडा (भरडलेला दाणा) जास्तीचा द्या, कारण तेव्हा कोकरू वाढतं आणि पोटात चाऱ्याला जागा कमी राहते.

आणि हे सगळं उद्यापासून सुरू करू नका. पोटात चारा पचवणारे जंतू असतात, कडबा पचवणारे वेगळे, हिरवं पचवणारे वेगळे, दाणा पचवणारे वेगळे, त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो. दहा-बारा दिवस घ्या, रोज थोडा कडबा कमी, थोडं नवीन जास्त. जमतंय का नाही ते लेंडी सांगते. सुटी सुटी, चकचकीत लेंडी पडतेय आणि दुपारी बसल्यावर निम्मी अर्धी मेंढरं रवंथ करताना दिसतायत म्हणजे ठीक चाललंय. लेंड्या एकमेकींना चिकटून गोळा पडायला लागला तर काडी कमी झाली आणि हिरवं किंवा दाणा जास्त झाला. बारीक, दगडासारखी कडक पडली तर आधी पाण्याची टाकी बघा.

प्रश्न : सर, आमच्या दोन जर्सी गाई आणि दहा-बारा मेंढ्या एकाच गोठ्यात आहेत. गाईचं मिनरल मिक्श्चर मेंढ्यांना पण थोडं थोडं देतो, चालतं ना?
(माण तालुका)

नाही चालत. कारण वरचंच, तांबं. गाईच्या मिक्श्चरमध्ये गाईच्या गरजेएवढं तांबं असतं आणि मेंढीला ते जास्त होतं. शेळी-मेंढीचं म्हणून मिळतं त्यातही पाकिटावर मेंढी लिहिलंय का बघून घ्या, कारण शेळीला चालणारं सगळं मेंढीला चालतंच असं नाही. गाईच्या गोळी पेंडेचंही तेच, एखाद दिवशी मेंढीनं तोंड घातलं तर काही होत नाही, पण रोजचा खुराक तो नको. आणि कोंबडीखत मिसळलेला स्वस्त खुराक कुणी सांगितला तर त्याला हात जोडा.

प्रश्न : मक्याचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) बॅगेत भरला होता, उघडल्यावर वरचा थर काळपट आणि पांढरी बुरशी आलेला निघाला. तो थर काढून गाईंना घातला, गाई बऱ्या आहेत. पण तोच घातलेल्या मेंढ्यांपैकी एक मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरतेय. हे मुरघासामुळं असेल का?
(बारामती तालुका)

असू शकतं, आणि तसं असेल तर हातात वेळ फार कमी आहे, हे वाचेपर्यंत थांबला नसाल अशी आशा आहे. खराब मुरघासात लिस्टेरिया नावाचा जंतू वाढतो, गाईला तो सहसा फार त्रास देत नाही, पण मेंढीच्या मेंदूपर्यंत जातो. एका बाजूचा कान लोंबतो, त्याच बाजूनं लाळ गळते, तोंडातला घास तसाच राहतो आणि जनावर एकाच बाजूला फिरत राहतं. सुरुवातीला अँटिबायोटिक मिळालं तर वाचतं, आडवं झाल्यावर अवघड. गोल फिरण्याची दुसरी कारणंही आहेत, मेंदूत कृमीची गाठ झाली तरी मेंढी अशीच फिरते, त्यामुळं डॉक्टरांना बोलवा आणि मुरघास घातला होता हे त्यांना आवर्जून सांगा. हा जंतू माणसालाही होतो, घरात कुणी गरोदर असेल तर तिला त्या मेंढीपासून आणि गाभडलेल्या पिल्लापासून लांब ठेवा.

मुरघास वाईट नाही हो, उलट कडब्याला आज ह्याच्याएवढा चांगला पर्याय मला तरी दिसत नाही. फक्त तो हवाबंद राहिला पाहिजे एवढीच त्याची अट. मका दाण्यात चीक घट्ट व्हायला लागला की कापायचा, त्या वेळी पाणी 65 ते 70 टक्के असतं, घरच्या घरी बघायचं तर कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडायची, हाताला ओल लागावी पण पाणी टपकू नये. तुकडा दोन-तीन सेंटीमीटर. बॅगेत थर टाकून तुडवत तुडवत भरायचं, इथंच लोक कंटाळा करतात. आणि निदान 45 दिवस उघडायचं नाही. चांगला मुरघास पिवळसर हिरवा दिसतो, वास आंबटगोड. सडका वास, काळा रंग, चिकट हात, गरम लागणं, ह्यातलं काहीही असलं की तो मेंढरांना नाही. वरचा थर काढून खालचा घालायचा हा हिशेब गाईला एकवेळ चालेल, मेंढीला नको. उंदरानं बॅगेला पाडलेलं एक भोकसुद्धा पुरतं, म्हणून बॅगा भिंतीला चिकटवून रचू नका, मागून बघता आलं पाहिजे.

अजून एक, मुरघास हा काडीचा चारा असला तरी ओला आहे. त्याच्याबरोबर थोडं का होईना वाळलेलं असूच दे.

प्रश्न : कांद्याला भाव नाही, चाळीत सडायला लागलाय. गाईंना आणि मेंढ्यांना घालावा म्हणतो. शेजारी म्हणतात काही होत नाही, सासरे म्हणतात गाय मुतायला लागली की लाल होतं.
(चांदवडहून एक ताई)

ताई, सासरे बरोबर बोलतायत. कांद्यातल्या गंधकाच्या द्रव्यांनी लाल पेशी फुटतात, लघवी लालसर तपकिरी होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, जनावर धापा टाकतं. जनावरांत गाय सगळ्यात नाजूक, मेंढी आणि शेळी बरंच जास्त सोसतात. तुमच्या भागात भाव पडला की मेंढरांचे कळप कांद्यावर बसवतात आणि काही होत नाही असं दिसतं ते त्यामुळंच, त्यावरून गाईचा अंदाज बांधू नका.

घालायचाच तर गाईला दिवसाला चार-पाच किलोच्या आत, मेंढीला अर्धा किलो, आणि पोटभर वाळला चारा खाल्ल्यावर. कांद्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं, त्यानं पोट भरल्यासारखं वाटतं पण काडी काहीच जात नाही. चिरून घाला, गोल बारका कांदा घशात अडकतो. सडलेला, काळी बुरशी आलेला अजिबात नको, तो खड्ड्यात. गाभण गाय असेल तर एक कांदासुद्धा घालू नका असं मी सांगेन, आणि दुभत्या गाईच्या दुधाला वास येतो तो वेगळाच, डेअरीवाला परत पाठवेल.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, गावाकडं शेळीपालन सुरू करतोय. जागा कमी आहे म्हणून हायड्रोपोनिक मका (मातीशिवाय ट्रेमध्ये उगवलेले अंकुर) आणि अझोलावरच (पाण्यावर तरंगणारी बारकी वनस्पती) शेळ्या ठेवायचा प्लॅन आहे. व्हिडिओत सांगतात 1 किलो मक्याचा 7-8 किलो चारा होतो.

होतो, पण वाढलेलं वजन पाण्याचं आहे. 1 किलो मक्यात जेवढं कोरडं अन्न होतं त्याच्यापेक्षा थोडं कमीच त्या अंकुरांच्या गादीत उरतं, कारण अंकुर फुटताना बी स्वतःचंच साठवलेलं खात असतं. जीवनसत्त्वं वाढतात, जनावर आवडीनं खातं, हे सगळं खरं. पण शेळीला रवंथ करायला काडी लागते ती त्यात नाही. अझोलाचंही तसंच, वाळवून बघितलं तर प्रोटीन भरपूर, पण ओल्या टोपलीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. दोन्ही तोंडी लावायला ठेवा. ट्रे आणि शेडचे पैसे आधी बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावण्यात आणि तुरीचं भुस्कट हंगामात स्वस्त असताना भरून ठेवण्यात घाला. व्हिडिओत ते दाखवत नाहीत कारण भुस्कटाच्या ढिगाला कोण लाइक करणार.

प्रश्न : आमच्याकडे भाताचा पेंढा भरपूर, कडबा कधी पाहिलाच नाही. शेळ्या पेंढा खात नाहीत. फणसाची पानं घातली तर चालतात का? आणि काजूची बोंडं?
(सावंतवाडी)

फणसाची पानं खुशाल घाला, कोकणातल्या शेळीला त्याहून आवडीचं काही नसेल, फांदी टांगून ठेवा म्हणजे तुडवून वाया जात नाही. आंब्याची पानं मात्र जपून, रोजचा चारा म्हणून नको. बोंडं ताजी असतील तर दोन-चार चालतात, पण बागेत ढीग पडून आंबलेली बोंडं शेळ्यांनी ताव मारून खाल्ली तर पोटात आम्ल वाढतं, झिंगल्यासारख्या चालतात आणि मग बसतात त्या उठत नाहीत. मार्च ते मे शेळ्या सोडताना एवढं बघा. बोंडं उन्हात कडकडीत वाळवून ठेवलीत तर पावसाळ्यात थोडी थोडी घालता येतात.

पेंढ्यात दम नाही हे शेळीला बरोबर कळतं, प्रोटीन तीन-चार टक्के आणि वाळूचा अंश जास्त. गाई-म्हशींना तो ठेवा. फक्त उडवीतला भिजलेला, बुरसलेला पेंढा कुणालाच नको. आणि मे महिन्यात हिरवं काही उरलं नाही की शेळ्या घाणेरी (टणटणी) खायला लागतात, तिनं यकृत खराब होतं आणि उन्हात गेल्यावर कान-नाकावरची कातडी सोलून निघते, तेव्हा गडग्यावरची घाणेरी आत्ताच काढून टाका.

प्रश्न : तणसावर (भाताच्या पेंढ्यावर) युरियाची प्रक्रिया करतात म्हणे. कशी करायची? आणि मेंढ्यांना चालते का?
(भंडारा)

100 किलो तणसाला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. ताडपत्रीवर थर टाकायचा, झारीनं सगळीकडं सारखं शिंपडायचं, तुडवायचं, मग पुढचा थर. वरून प्लास्टिक घालून कडा मातीनं दाबायच्या आणि 21 दिवस हात लावायचा नाही. आत अमोनिया होतो, तो काडी मऊ करतो आणि प्रोटीनही जवळपास दुप्पट होतं. घालायच्या आधी तासभर पसरून वास जाऊ द्या. सुरुवात थोड्यापासून, नेहमीच्या चाऱ्यात मिसळून.

मोठ्या मेंढ्यांना चालते, सहा महिन्यांच्या आतल्या कोकरांना आणि वासरांना नाही, घोड्याला तर कधीच नाही. युरिया कोरडा वरून भुरभुरू नका, खडा तसाच राहिला आणि एकाच जनावराच्या तोंडात गेला तर अर्ध्या-एक तासात ते थरथरायला लागतं, पोट फुगतं, तोंडाला फेस येतो. असं झालं तर डॉक्टर येईपर्यंत थंड पाण्यात व्हिनेगर मिसळून पाजतात, पण घाईत ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ देऊ नका. युरिया कालवलेली बादली गोठ्यात विसरली आणि गाईनं तीच पिऊन टाकली, जीव जातात ते बहुतेक अशानंच. कालवाकालव गोठ्याबाहेर करा आणि बादली लगेच धुऊन पालथी घाला.

प्रश्न : ज्वारी कापल्यावर पाऊस झाला, बुडख्यांना हिरवेगार फुटवे आलेत. मेंढरं सोडू का?
(मंगळवेढा)

नका सोडू. कोवळ्या फुटव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य सगळ्यात जास्त असतं, त्यात मधेच पाण्याचा ताण पडला असेल तर आणखी. मेंढरू दहा-पंधरा मिनिटांत पडू शकतं, डॉक्टरांकडं इंजेक्शन असतं पण ते पोचायला तर पाहिजेत. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर धोका बराच कमी होतो. फुटवे वाया जाऊ द्यायचे नसतील तर कापून चांगले वाळवा, मग थोडे थोडे दुसऱ्या चाऱ्यात घाला. आणि शेजाऱ्याच्या रानात कणसं गळून दाणे पडले असतील तर तिथंही उपाशी कळप एकदम घुसवू नका, आधी घरी भुस्कट खाऊ घाला, मग तासभर सोडा आणि परत वळवा. एकदम दाणा किंवा कोवळं जास्त खाल्लं की आतड्यात विष होऊन मेंढरू मरतं, तो आंत्रविषार, त्याची लस पावसाळ्याआधी राहून गेली असेल तर दवाखान्यात विचारून ती आता तरी टोचून घ्या.